गाडीशिवाय अलिबाग: लाँच, मिनीडोअर आणि नागावची वाडी

आमच्या लग्नाला या जानेवारीच्या अखेरीस तीस वर्षे पूर्ण झाली. लग्नाचा वाढदिवस समुद्रकाठी निवांतपणे घालवायचा, हे आम्ही दोघांनी दिवाळीतच ठरवले होते. प्रश्न होता तो जाण्यायेण्याचा. यजमानांना काचबिंदू असल्याचे कळल्यावर आम्ही गाडी विकून टाकली आणि मला ती चालवता येत नाही. चालकासह भाड्याची गाडी घेतली, तर तीन दिवस एक माणूस आपल्यासाठी ताटकळत बसला आहे, त्याच्या जेवणाखाण्याची आणि झोपण्याची सोय झाली की नाही, ही काळजी सतत मागे राहते, आणि निवांतपणा तिथेच संपतो. म्हणून डोंबिवलीच्या घरापासून नागावच्या किनाऱ्यापर्यंत आणि परत, सगळा प्रवास सार्वजनिक वाहनांनीच करायचा, असे आम्ही ठरवले. त्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा हा अभिप्राय आमच्यासारख्या, गाडी नसलेल्या जोडप्यांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहीत आहे.

आधी गणपतीपुळे आणि तारकर्ली ही नावे पुढे आली होती. कोकण रेल्वेने रत्नागिरी किंवा कुडाळ गाठणे अवघड नाही, पण दोन्हीकडे स्थानकापासून किनारा चांगला लांब आहे आणि तीन रात्रींच्या सुट्टीतला मोठा भाग जाण्यायेण्यातच संपतो. अलिबागला तर रेल्वेही नाही. प्रवाशांना जवळचे स्थानक पेणचे. तरीही आम्ही अलिबागच निवडले, ते समुद्रामुळे. मुंबईहून रस्त्याने गेले तर अलिबाग सुमारे शंभर किलोमीटर पडते. गेटवेहून अलिबागच्या बाजूच्या मांडवा बंदरापर्यंतचे समुद्रातले अंतर त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नाही, आणि ते पार करायला लाँचला साधारण तासभर लागतो. वडखळ नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलेल्यांना हा तास किती मोलाचा वाटेल, ते सांगायला नको.

गेटवे ते मांडवा या मार्गावर पीएनपी, मालदार आणि अजंठा या सेवा चालतात. तिकिटातच मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते, आणि गाडी नसलेल्या माणसासाठी या सेवेचे खरे मोल तिथे आहे. मांडव्याचा धक्का गावापासून दूर आहे. बस नसती, तर लाँचमधून उतरलेल्या प्रत्येकाला रिक्षावाल्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे लागले असते. इथे तसे होत नाही. लाँच लागते, माणसे लांबलचक धक्क्यावरून चालत बाहेर येतात आणि समोर बस उभी असते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत अलिबाग येते. पाणी आणि रस्ता यांची अशी एका तिकिटात घातलेली सांगड आपल्या किनाऱ्यावर आणखी ठिकाणी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आम्ही बुधवारी सकाळी निघालो. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे. सामान म्हणजे दोन पाठीवरच्या पिशव्या आणि एक कापडी पिशवी. चाकांची बॅग मुद्दाम घेतली नाही, आणि तो निर्णय योग्य ठरला, कारण गेटवेच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, लाँच वरखाली होत असते आणि आत पाऊल टाकताना दोन्ही हात मोकळे असावे लागतात. लाँचवरचा माणूस हात धरून आत घेतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी संकोच न करता त्याला आधीच सांगावे; माझ्या पुढच्या आजींना दोघांनी अलगद उचलून आत घेतले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून माणसे दगावली, तेव्हापासून मी कोणत्याही लाँचमध्ये बसले की आधी लाइफ जॅकेट कुठे आहे ते पाहते आणि अंगात चढवते. आपणही तसेच करावे. फोटो चांगले येत नाहीत म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारी मंडळी आमच्याच बाकावर होती, आणि त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटले.

काही लाँचवर वरच्या डेकसाठी थोडे जादा पैसे घेतात. ते जरूर द्यावेत. हिवाळ्यात परदेशातून आलेले कुरव पक्षी लाँचच्या मागे मागे उडत येतात, इतके जवळ की त्यांच्या डोळ्यांची काळी टिकली दिसावी. लोक त्यांना वेफर आणि कुरकुरे भिरकावतात. तळलेले, खारट पदार्थ हे पक्ष्यांचे खाणे नव्हे, एवढे तरी लाँचवर पाटी लावून सांगायला हवे. गेटवेची कमान आणि ताजचा घुमट लहान लहान होत गेला, नांगरलेली मोठी जहाजे बाजूने सरकत गेली, आणि यजमानांनी चष्मा काढून डोळे मिटून वाऱ्याकडे तोंड केले. गाडी होती तेव्हा प्रवासभर त्यांचे डोळे रस्त्यावर असत आणि माझे त्यांच्या वेगावर. आमची सुट्टी त्या दिवशी मुक्कामाला पोहोचण्याआधी, या तासाभरातच सुरू झाली.

पावसाळ्यात मात्र ही सेवा बंद असते. साधारण मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत गेटवेहून मांडव्याला लाँच सुटत नाही. त्या दिवसांत भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट हा पर्याय उरतो. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा गाड्या नेण्यासाठी म्हणून ओळखली जाते, पण गाडी नसलेल्या प्रवाशालाही तिच्यात जागा मिळते. हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरून तिथे जाता येते. बोट मोठी असल्यामुळे ती कमी हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी हिवाळ्यातही हिचाच विचार करावा.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. पहिल्या मुक्कामाची खोली मी जाहिरात पाहून आगाऊ पैसे भरून घेतली होती. जाहिरातीत ‘किनाऱ्यापासून पाच मिनिटे’ असे लिहिले होते, आणि पाच मिनिटे म्हणजे चालत, हे मी गृहीत धरले. बसमधून वाटेतल्या चोंढीला उतरून रिक्षाने तिथे पोहोचल्यावर कळले की किनारा तीन किलोमीटरवर आहे. विचारले तेव्हा उत्तर आले, “पाच मिनिटं गाडीने, मॅडम.” खोली स्वच्छ होती, बागही सुरेख होती, पण आसपास एक टपरीसुद्धा नव्हती, जेवण बाहेरून मागवावे लागे, आणि सूर्य मावळल्यावर रिक्षा मिळण्याची शाश्वती नव्हती. समुद्राकाठी सुट्टीला येऊन पहिला सूर्यास्त आम्ही कुंपणाच्या भिंतीवर पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथून निघालो. उरलेल्या दोन रात्रींपैकी एका रात्रीचे पैसे बऱ्याच बोलाचालीनंतर परत मिळाले, दुसरीचे गेले.

गाडी असलेल्या माणसाला तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. गाडी नसलेल्याची सगळी सहल त्या तीन किलोमीटरवर ठरते. म्हणून खोली घेताना फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: किनारा चालत किती मिनिटांवर आहे, एस.टी. किंवा मिनीडोअर कुठून मिळते, आणि तिन्ही वेळचे जेवण जागेवर मिळते का. खोलीत वातानुकूलन आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे आम्हाला नागावच्या एका वाडीत मिळाली. मिनीडोअर म्हणजे काय, हे मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. रिक्षापेक्षा मोठी, मागे समोरासमोर बाके असलेली ही तीनचाकी गाडी या भागातले खरे सार्वजनिक वाहन आहे. अलिबाग एस.टी. स्थानकाच्या परिसरातून नागाव, चौल, रेवदंड्याच्या दिशेने ती सीट भरली की सुटते. मासळीच्या टोपल्या, शाळेची मुले, दळणाचा डबा, सगळे तिच्यात मावते. एस.टी.नेही जाता येते, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट असल्यामुळे माझा प्रवास निम्म्या भाड्यात झाला. पण गाड्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. नागावचे अंतर अलिबागपासून आठ-नऊ किलोमीटर आहे आणि दिवसा आम्हाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधीही थांबावे लागले नाही. रात्री मात्र आठनंतर मिनीडोअरच्या भरवशावर राहू नये. मुख्य रस्त्यावर उतरलो आणि वाडीतल्या वाटेने सहा-सात मिनिटे चाललो, की घर.

नागावच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना त्यांची सावली शब्दांत सांगणे कठीण आहे. वर नारळ, खाली सुपारी, सुपारीच्या खोडाला बिलगलेला मिरीचा वेल, आणि मधून पाटाचे पाणी. आमची खोली साधी होती: दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी आणि न्हाणीघरात बादलीभर कढत पाणी. घरच्या काकूंनी विचारले, “तुम्ही मासे खाता ना? मग जिताडं आलं तर घेऊन ठेवते.” दुसऱ्या दिवशी दुपारी खरोखरच जिताड्याचे कालवण, तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सोलकढी असे ताट समोर आले. खाडीतला हा मासा या भागाची शान आहे आणि तो रोज मिळत नाही. मिळाला तर दुसरे काही मागू नये. पांढऱ्या कांद्याच्या माळा अजून फारशा दिसत नव्हत्या. भौगोलिक मानांकन मिळालेला हा गोडसर कांदा ज्यांना न्यायचा असेल त्यांनी मार्चच्या सुमारास जावे.

वाडीच्या मागच्या दाराने किनारा चार-पाच मिनिटांवर. नागावला शनिवार-रविवारी पाण्यातल्या खेळांची आणि वाळूतल्या चारचाकी गाड्यांची वर्दळ असते, त्यामुळे निवांतपणा हवा असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशीच यावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गुरुवारी संध्याकाळी आम्ही उत्तरेकडे आक्षीपर्यंत सुरूच्या बनाच्या कडेने चालत गेलो. वाटेत चार माणसे भेटली असतील. आक्षी गावातला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांमध्ये त्याची गणना होते. गाडीतून जाणाऱ्यांच्या तो लक्षातही येत नाही.

शुक्रवार हा वाढदिवसाचा दिवस, आणि त्या दिवशी आम्हाला कुलाबा किल्ल्यात पायी जायचे होते. किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथवर चालत जाता येते. ओहोटीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनारपट्टीवर सर्वांना ठाऊक असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्रवारी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणून दुपारी तीनच्या आसपास ओहोटी. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारून खात्री करून घ्यावी. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते. त्या दिवसांत पाणी पुरते ओसरत नाही, म्हणून पायी जाण्याचा बेत उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांजवळ ठेवावा. सुट्टीची तारीख आपल्या हातात असेल, तर खोली घेण्याआधी पंचांग उघडावे, इतके या एका गोष्टीला महत्त्व आहे.

अलिबागच्या एस.टी. स्थानकावरून किनारा पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्याच परिसरात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. वाहनांच्या त्रासातून सुटण्यासाठी मुंबईहून इथे आलेले आम्ही पहिले नव्हतो, हे यजमानांनी तिथून जाताना मला सांगितले आणि मला ते फार आवडले.

अडीचच्या सुमारास आम्ही चपला हातात घेऊन निघालो. पाणी घोट्यापर्यंत होते, मध्येच एका ठिकाणी पिंडरीपर्यंत आले. पायाखाली वाळूच्या कडक लाटा, मधून शंखांचे तुकडे, आणि समोर हळूहळू उंच होत जाणारा दगडी तट. दगड एकमेकांवर नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही; लाटेचे पाणी फटींत शिरते आणि जोर मोडून परत जाते, म्हणून तट टिकून राहिला, असे सांगतात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचे बांधकाम सुरू करवले आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. आम्ही देवापुढे नारळ ठेवला, तटाच्या सावलीत बसून घरून आणलेल्या बेसनाच्या वड्या खाल्ल्या, आणि चारच्या आत परत फिरलो. भरती सुरू झाली की पाणी भराभर वाढते. फोटोंसाठी रेंगाळू नये. ज्यांना पाण्यातून चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते, पण भाडे आधी ठरवून घ्यावे.

त्या रात्री वाडीत पोपटी लावली होती. हा पदार्थ हॉटेलात मागवण्यापेक्षा कोणाच्या अंगणात बसूनच खावा. मातीच्या मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, मध्ये बटाटे आणि अंडी, हवे तर केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती सुक्या झावळ्या, काटक्या रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. अर्ध्या तासाने काकांनी मडक्यावर पाण्याचे चार शिंतोडे मारले, ते चर्र करून क्षणात उडाले, तेव्हा ते म्हणाले, “झाली.” मडके उलटे केल्यावर जो वास आला, तो कडवट, धुरकट आणि किंचित ओव्याचा होता, तो माझ्या साडीला दुसऱ्या दिवशीही येत होता. शेंगा दातांनी सोलत, हात काळे करून घेत, चांदण्यात आम्ही दोघे आणि वाडीतली मंडळी साडेदहापर्यंत बसलो. केक नव्हता, मेणबत्त्या नव्हत्या. काकूंनी जाताना माझी ओटी भरली.

मुरूड-जंजिऱ्याला आम्ही गेलो नाही. अलिबागहून मुरूडला एस.टी.ने जाता येते, रस्ता कोर्लई आणि काशीदच्या कडेने जाणारा आणि देखणा आहे. पण जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आणि त्यात राजपुरीहून शिडाच्या होडीची वाट पाहणे, हे एका दिवसात करायचे तर विश्रांती हा शब्द सोडून द्यावा लागतो. ज्यांना जंजिरा पाहायचाच असेल त्यांनी मुक्काम मुरूडला करावा. एका सहलीत पाच किनारे बसवण्याचा सल्ला गाडीवाल्यांकडून येतो. तो गाडीवाल्यांसाठीच ठीक आहे.

शनिवारी सकाळी परतीच्या वाटेवर आम्ही अलिबागहून रिक्षा ठरवून सासवण्याला गेलो. मांडव्याच्या अलीकडेच असलेल्या या गावात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा यांचाच. लाँचच्या तिकिटातले बसचे भाडे यामुळे वाया गेले, पण त्याची मला हळहळ वाटली नाही. अंगणात बसलेली म्हैस पाहून यजमान जवळ गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग हसून म्हणाले, “अगं, सिमेंटची आहे.” अधू नजरेच्या माणसाला शिल्पाला हात लावून पाहता यावे, याचा आनंद किती असतो, तो मी त्या सकाळी पाहिला. संग्रहालयातल्या मंडळींनी त्यांना अडवले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मांडव्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा समोरून शनिवारची गर्दी उतरत होती. बससाठी धावाधाव आणि पिशव्यांची ओढाताण चालली होती. ज्यांना नाइलाजाने शनिवार-रविवारीच यावे लागते, त्यांनी निदान लाँचचे तिकीट आधी ऑनलाइन काढून सकाळची पहिली फेरी धरावी. धक्क्यावर सावलीची बाके वाढली आणि गेटवेच्या पायऱ्यांना धरायला पक्का कठडा आला, तर या सेवेत उणे काढण्यासारखे फारसे काही उरणार नाही. मुंबईकडे जाणारी आमची लाँच जवळजवळ रिकामी होती. वरच्या डेकवर आम्हाला सावलीची जागा मिळाली, काकूंनी बांधून दिलेल्या पोपटीच्या उरलेल्या शेंगा आम्ही तिथे सोलून संपवल्या, आणि गेटवे येईपर्यंत यजमानांना झोप लागली होती.